ऑलिव्हर क्वीनला दोनदा मारून 'क्रायसिस'ने काय मिळवलं?

ऑक्टोबर २०१४. अतिवेगाने धावणाऱ्या सुपरहिरोवरच्या 'द फ्लॅश' या अमेरिकन मालिकेचा पहिलाच भाग संपत आलेला असतो. हॅरिसन वेल्स व्हीलचेअरवरून उठतो, एका गुप्त खोलीत शिरतो आणि त्याच्यासमोर २५ एप्रिल २०२४ या तारखेचं वर्तमानपत्र उघडतं. मथळा असा, की फ्लॅश संकटाच्या ('क्रायसिस'च्या) वेळी नाहीसा झाला. कॉमिक्स वाचणाऱ्यांना यातला 'क्रायसिस' हा शब्द लगेच कळला आणि त्या एका मथळ्यावर प्रेक्षक पाच वर्षं थांबले. 'क्रायसिस ऑन इन्फिनिट अर्थ्स' हा पाच भागांचा क्रॉसओव्हर, म्हणजे पाच मालिकांच्या पात्रांची एकत्र गोष्ट, डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाला तेव्हा अपेक्षा एवढी मोठी असण्याचं कारण हे होतं. ती निव्वळ जाहिरातीने फुगवलेली नव्हती, मालिकांनी स्वतः पेरलेली होती.

(कथेतली सगळी वळणं पुढे उघड केली आहेत.)

आधी मांडणी सांगतो. 'सुपरगर्ल' ८ डिसेंबरला, 'बॅटवुमन' ९ ला, 'द फ्लॅश' १० ला, आणि मग थेट १४ जानेवारी २०२० ला एकाच रात्री 'अ‍ॅरो' आणि 'लेजेंड्स ऑफ टुमॉरो'. जाहिराती वगळल्या तर प्रत्येक भाग साधारण ४२ मिनिटांचा, म्हणजे एकूण साडेतीन तासांचा ऐवज. या साडेतीन तासांत असंख्य विश्वं नष्ट व्हायची, सात 'पॅरागॉन' (एकेका गुणाचे प्रतिनिधी) शोधायचे, विश्वं पुसत सुटलेल्या अँटी-मॉनिटरशी लढायचं, विश्व नव्याने घडवायचं आणि शिवाय जुन्या मालिका-सिनेमांतल्या पाहुण्यांना हजेरी लावायला द्यायची. मूळ कॉमिकला या पसाऱ्यासाठी १९८५-८६ मध्ये १२ अंक लागले होते. इथे वेळ कमी होता, हे मान्य. पण असलेला वेळ जिथे खर्च केला, तक्रार तिथली आहे.

सगळ्यात मोठी चूक 'अ‍ॅरो'चा धनुर्धारी नायक ऑलिव्हर क्वीन याच्या मरणाची. 'अ‍ॅरो' ऑक्टोबर २०१२ ला सुरू झाली आणि बाकीच्या मालिका तिच्या अंगाखांद्यावर वाढल्या. ऑलिव्हर मरणार हे लपवलेलंही नव्हतं. २०१८ च्या 'एल्सवर्ल्ड्स' या क्रॉसओव्हरमध्ये बॅरी (फ्लॅश) आणि कारा (सुपरगर्ल) यांचे प्राण वाचावेत म्हणून त्याने विश्वांवर नजर ठेवणाऱ्या मॉनिटरशी सौदा केला होता आणि सातव्या हंगामाच्या शेवटी त्याची किंमत उघड झाली. आठवा हंगाम दहाच भागांचा, आणि त्यातले पहिले सात भाग निरोपाचेच होते. म्हणजे ते मरण कधी आणि कसं येतं, एवढाच प्रश्न उरला होता.

आणि ते आलं पहिल्याच भागात. काराची पृथ्वी, अर्थ-३८, रिकामी होत असते. जहाजं भरून माणसं दुसऱ्या विश्वात निघालेली असतात. मॉनिटर बाकीच्या वीरांना तिथून उचलून नेतो, ऑलिव्हर मात्र हटत नाही. भात्यातले बाण संपतात, मग तो सावलीच्या राक्षसांशी नुसत्या हातांनी लढतो. ज्यांना तो ओळखत नाही आणि जे त्याला ओळखत नाहीत, अशा लोकांना आणखी थोडा वेळ मिळावा म्हणून तो उभा आहे. हा प्रसंग उत्तम आहे. बिनशक्तीचा माणूस देवांच्या लढाईत शेवटपर्यंत टिकून राहतो, हेच तर या पात्राचं सार होतं. नंतर त्याच्या स्वतःच्या तळघरात, मुलगी मिया शेजारी असताना तो जातो. मॉनिटर सुद्धा म्हणतो, की हे असं घडणार नव्हतं. अंगावर काटा येतो.

पण दुसऱ्या भागात त्याला मेलेल्याला जिवंत करणाऱ्या 'लाझरस पिट' या कुंडात बुडवून उठवतात. शरीर परत येतं, आत्मा येत नाही. तिसऱ्या भागात मिया, ऑलिव्हरचा जुना साथीदार डिगल आणि मांत्रिक कॉन्स्टन्टीन आत्मा आणायला पर्गेटरीत (मेलेले आत्मे अडकतात त्या जागी) जातात, तर ऑलिव्हर तिथे जिम कॉरिगनकडून 'स्पेक्टर' या अलौकिक रूपाची शक्ती स्वीकारतो. चौथ्या भागात तो टोपीखालच्या हिरव्या डोळ्यांनी आणि घोगऱ्या आवाजात परत येतो, काळाच्या उगमापाशी अँटी-मॉनिटरशी ऊर्जेच्या झोतांची टक्कर घेतो आणि पुन्हा मरतो. या वेळी शेजारी बॅरी आणि 'लेजेंड्स'मधली सारा असतात. मिया नाही, डिगल नाही, बायको फेलिसिटी तर दोन्ही वेळा नाही. १७० भागांची मालिका ज्या नात्यांवर उभी राहिली, त्यातलं जवळचं माणूसच दुसऱ्या वेळी हजर नाही. शिवाय जो मरतो तो धनुर्धारी ऑलिव्हर राहिलेलाच नाही. नावही वेगळं आणि शक्तीही उसनी. पहिलं मरण त्याचं होतं, दुसरं पटकथेची गरज होती. दुसऱ्याने पहिल्याचं वजन काढून घेतलं आणि स्वतःचं काही कमावलं नाही.

शोकाला जागा कशी द्यायची हे या मंडळींना ठाऊक नव्हतं, असं अजिबात नाही. २०१७ चा 'क्रायसिस ऑन अर्थ-एक्स' आठवा. 'लेजेंड्स'मधल्या प्रोफेसर स्टीनला तिसऱ्या भागात गोळी लागते, चौथ्यात तो जातो. मधे तो आणि त्याचा साथीदार जॅक्स यांच्यात एकच प्रश्न उभा राहतो: दोघांना जोडणारा दुवा तोडला नाही तर दोघंही जातील. दुवा तोडणारं औषध स्टीन स्वतःच्या हाताने पितो. त्यानंतर जॅक्सला त्याच्या घरी जाऊन बायकोला आणि मुलीला ते सांगावं लागतं, आणि कॅमेरा तिथे थांबतो. एक माणूस, एक निर्णय, एक दार. तिथले शत्रूही ऑलिव्हरचा आणि काराचा चेहरा घेऊन आले होते, त्यामुळे प्रत्येक धडकेला अर्थ होता. अँटी-मॉनिटरला तसा काहीच आधार नाही. लामोनिका गॅरेट मॉनिटरच्या भूमिकेत खरंच भारदस्त वाटतो. त्याच नटाला अँटी-मॉनिटर म्हणून मात्र जाड मुखवटा आणि 'सगळं संपवणार' या अर्थाची वाक्यं मिळतात. पहिल्या दोन भागांत तो जवळजवळ दिसतच नाही. दिसते ती प्रतिपदार्थाची लाट, आणि लाटेशी वैर धरता येत नाही.

आता पाहुण्यांविषयी. इथे मोती नाकापेक्षा जड झाला. सुरुवातीलाच आकाश लाल होतं, १९८९ च्या 'बॅटमन' सिनेमातला रॉबर्ट वूल वर्तमानपत्रातून मान वर काढतो, १९६६ च्या मालिकेतला रॉबिन, बर्ट वॉर्ड, कुत्रा फिरवताना दिसतो. काही सेकंदांचं काम, ठीक आहे, त्याने गोष्टीचं काही बिघडत नाही. बिघडतं ते जिथे पाहुण्याला अख्खा प्रसंग मिळतो पण परिणाम मिळत नाही तिथे. 'स्मॉलव्हिल'मधला टॉम वेलिंगचा क्लार्क घ्या. शेतावर लाकडं फोडतोय. लेक्स लूथर हिरवा क्रिप्टोनाइट घेऊन त्याला मारायला येतो, तर हा तो दगड सरळ हातात घेतो आणि हसतो. संसारासाठी त्याने शक्ती सोडून दिलेल्या आहेत. दहा हंगाम चाललेल्या मालिकेचा इतका साधा आणि समाधानी शेवट दुसरा सुचणार नाही. पण तिसऱ्या भागाच्या शेवटी सगळीच विश्वं पुसली जातात, म्हणजे ते शेत, एरिका ड्युरन्सची लोइस आणि त्यांच्या मुलीही गेल्या. त्यावर एकही शब्द नाही. नव्या विश्वरचनेची झलक दाखवतानाही त्या घराकडे कोणी वळून पाहत नाही. ज्या प्रेक्षकाला त्या प्रसंगाने सगळ्यात जास्त आनंद दिला, त्यालाच वाऱ्यावर सोडलं.

केव्हिन कॉनरॉयच्या बाबतीत निवड वेगळी होती आणि ती मला योग्य वाटते. १९९२ पासून बॅटमनला आवाज देणारा हा माणूस पहिल्यांदाच प्रत्यक्ष ब्रूस वेन म्हणून समोर आला. अंगाला आधाराचा सांगाडा बांधलेला, मनाने मोडलेला आणि हातून खून झालेला ब्रूस. अनेकांना हा अपमान वाटला. पण त्या भेटीमुळेच केटला (बॅटवुमनला) कळतं, की धैर्याचा पॅरागॉन तो नाही, आपण आहोत. पाहुणा आला आणि गोष्ट पुढे सरकली, एवढी साधी अट इथे पाळली गेली. म्हणून पाच भागांत दुसरा भाग सर्वांत नीट बांधलेला आहे.

बाकी पॅरागॉन म्हणजे नुसत्या चिठ्ठ्या आहेत. आशा, नियती, सत्य, धैर्य, प्रेम, सन्मान, मानवता. कोणाची परीक्षा होत नाही. 'सुपरगर्ल'मधल्या जॉन जॉन्झच्या वाट्याला सन्मान येतो आणि वाक्यं मोजकीच येतात. रायन चोई तिसऱ्या भागात ओळख होऊन लगेच मानवतेचा प्रतिनिधी ठरतो. फक्त 'सत्य' या जागेवर चांगली खेळी आहे: ब्रँडन राउथच्या सुपरमॅनला बाजूला सारून लेक्स नियतीच्या ग्रंथात स्वतःचं नाव घुसवतो. जॉन क्रायरने हा लेक्स फार मजेने रंगवला आहे, आणि सगळं विश्व बुडत असताना याच माणसाला आपल्याला नेमकं काय हवंय ते ठाऊक असतं.

आणि मथळ्याचं काय झालं? फ्लॅश नाहीसा होणार होता. झाला, पण दुसराच. प्रतिपदार्थाची तोफ चालू ठेवणाऱ्या ट्रेडमिलवर उलट धावून ती मोडायची आणि त्यात जीव जाणार, हे काम बॅरीचं होतं. जॉन वेस्ली शिपचा फ्लॅश त्याचा वेग काढून घेतो आणि स्वतः धावतो. धावता धावता १९९०-९१ च्या त्याच्या एका हंगामाच्या मालिकेतलं जुनं दृश्य तरळून जातं, टीना हसताना दिसते. हा संपूर्ण क्रॉसओव्हरमधला सगळ्यात हृद्य क्षण आहे. तरीही ही पळवाट आहे, हे सांगायला हवं. सहाव्या हंगामाचे आठ भाग बॅरी आणि त्याची बायको आयरिस यांनी निरोपाची तयारी केली, बॅरीने मरण स्वीकारलं, आणि हिशेब दुसऱ्याच्या खात्यातून चुकता झाला. मूळ कॉमिकमध्ये बॅरी ॲलन आठव्या अंकात गेला तो २००८ पर्यंत परतला नाही. म्हणून त्या अंकाची किंमत आजही टिकून आहे.

हे सगळं असं का झालं असावं? पाच मालिका, पाच वेगळे चमू, व्हँकूव्हरमधलं चित्रीकरण, आणि प्रत्येक मालिकेचे स्वतःचे नेहमीचे भागही त्याच काळात पूर्ण करायचे. जिचा नायक पाहुणा म्हणून येतो त्या 'ब्लॅक लाइटनिंग' मालिकेचं चित्रीकरण तर अटलांटात. पडद्यावर हा ताण कसा दिसतो ते पाहा: पात्रं दोन-तीनच्या गटांत वाटली जातात, प्रत्येक गटाला वेगळी मोहीम मिळते, मग सगळे वेव्हरायडर जहाजात अर्धगोल करून उभे राहतात आणि पुढे काय करायचं ते एकमेकांना समजावून सांगतात. विश्वाचा अंत आपल्याला जहाजाच्या पडद्यावरच्या ठिपक्यांतून कळतो. याउलट 'अ‍ॅरो'च्या आठव्या हंगामाच्या पहिल्या भागात अर्थ-२ नष्ट होते तेव्हा ऑलिव्हर, डिगल आणि लॉरेल कसेबसे पळतात आणि मागे ओळखीचं शहर विरघळतं. एकच विश्व, एकच रस्ता, पण भीती खरी. पाच आठवड्यांची सुट्टी घेण्याआधी तिसऱ्या भागात अब्जावधी जीव गेले, त्याची भीती त्याच्या निम्मीही वाटत नाही.

पाचव्या भागाने एक काम मात्र चोख केलं. सगळ्या मालिका एकाच पृथ्वीवर आल्या, त्यामुळे सुपरगर्लला फ्लॅशच्या शहरात जायला भगदाड पाडावं लागत नाही. शेवटी गोल टेबल आणि खुर्च्या, त्यातली एक ऑलिव्हरची रिकामी. ही रिकामी खुर्ची दुसऱ्या मरणापेक्षा जास्त बोलते. पण तिथवर पोचण्याआधी अँटी-मॉनिटर पुन्हा उगवतो आणि त्याला कायम आकुंचन पावत ठेवणाऱ्या यंत्राने निकाली काढतात. एकदा हरलेल्या शत्रूला घाईघाईत दुसऱ्यांदा हरवण्यात कोणाचंच मन लागत नाही, नटांचंही नाही.

बघायचंच असेल तर क्रम असा ठेवा. आधी 'द फ्लॅश'चा पहिला भाग, किमान शेवटचा प्रसंग. मग 'एल्सवर्ल्ड्स'चे तिन्ही भाग, 'अ‍ॅरो'च्या सातव्या हंगामाचा अखेरचा भाग आणि आठव्याचे पहिले सात. त्यानंतर क्रायसिस वर दिलेल्या क्रमाने. स्ट्रीमिंगवर हे पाच भाग पाच मालिकांच्या यादीत विखुरलेले असतात, त्यामुळे पुढचा भाग आपोआप सुरू होणं बंद करा. नाहीतर 'सुपरगर्ल'चा नववा भाग संपताच तिचा दहावा सुरू होईल आणि सगळा शेवट फुटेल. 'लेजेंड्स'चा भाग काही ठिकाणी पाचव्या हंगामाच्या आधी 'विशेष' म्हणून टाकलेला असतो, तिथे शोधा. चौथा आणि पाचवा सलग पाहा, ते मुळातही एकाच रात्री दाखवले होते.

आणि पाचव्यावर थांबू नका. 'अ‍ॅरो'च्या आठव्या हंगामाचा नववा भाग पुढे न आलेल्या नव्या मालिकेची चाचणी आहे, तो सोडला तरी चालेल. दहावा, म्हणजे 'फेडआउट', मात्र त्याच बैठकीत लावा. २८ जानेवारी २०२० ला दाखवलेल्या या भागात ऑलिव्हरचा अंत्यविधी आहे. डिगल आहे, मिया आहे, आणि शेवटी फेलिसिटी आहे.