ईएफबी सांगून साधी बॅटरी बसवली
गेल्या वर्षी ऐन नवतप्यात बाबांचे डोळे तपासून परत येत होतो. वर्धा रोडवर औषधाच्या दुकानापुढे पाच मिनिटं थांबले आणि नंतर गाडी चालूच होईना. नुसती टकटक. बाबा रुमाल डोळ्यांवर धरून मागे बसलेले, एसी बंद, बाहेर पारा ४५ च्या पुढे. जवळच्या बॅटरीच्या दुकानातला मुलगा आला, मशीन लावलं आणि म्हणाला, "ताई, गेली ही. आता काही होत नाही हिचं."

माझी गाडी सिग्नलला आपोआप बंद होते, क्लच दाबला की चालू होते. दिवसातून कितीतरी वेळा इंजिन चालू करायचं म्हणून अशा गाड्यांना कंपनी ईएफबी, म्हणजे वारंवार चालू-बंद सोसणारी बॅटरी देते. साधी बॅटरी पूर्ण चार्ज व्हायच्या आत पुन्हा उपसली जाते, प्लेटांवर सल्फेट धरतं आणि ती लवकर बसते. काही गाड्यांना त्याहून दणकट एजीएम बॅटरी असते. तिच्या जागी ईएफबीसुद्धा बसवू नये. एवढं मला माहीत होतं, म्हणून मी विचारलंही, "ईएफबीच आहे ना?"

"हो ताई, तीच."

पैसे ईएफबीचे घेतले. जुनी बॅटरी भंगार म्हणून ठेवून घेतली, तिचा एक रुपयाही कमी केला नाही. वॉरंटी कार्डावर शिक्का मारला, तारीख टाकली, सिरियल नंबरची जागा मात्र कोरी. बाबांना घरी न्यायची घाई होती, मी काही वाचलं नाही.

त्यानंतर गाडी सिग्नलला बंद व्हायची थांबली. फोन केला तर म्हणाले, एसी जोरात असला की उन्हाळ्यात असंच होतं. हे खरंही आहे, आत गार होईपर्यंत इंजिन बंद होत नाही. त्यामुळेच मी हिवाळ्यापर्यंत गप्प बसले.

डिसेंबरात एका सकाळी गाडी पुन्हा अडली. या वेळी ती बॅटरी कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडे नेली. त्याने ओल्या फडक्याने वरचा भाग पुसला तसा लेबलचा कोपरा सुटला, खाली दुसरं लेबल. ईएफबी हे शब्द त्यावर कुठेच नव्हते. झाकणावर कोरलेला उत्पादनाचा महिना माझ्या खरेदीच्या दीड वर्ष आधीचा! कुणाची तरी उतरवलेली साधी बॅटरी मला नवी म्हणून विकली होती.

माझी मूळ बॅटरी गेली होती की नाही, याचाच आता संशय येतो. तिच्या टर्मिनलवर पांढरं साचलेलं असायचं. ते खरवडून, क्लॅम्प आवळून, दुसऱ्या गाडीवरून जंप देऊन बघा, असं मी म्हणायला हवं होतं.

वर्धा रोडच्या त्या दुकानात गेले तर पहिला प्रश्न, "बिल दाखवा." चिठ्ठीवर फक्त "बॅटरी १ नग". प्रकार नाही, एएच (क्षमता) नाही, नंबर नाही. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार केली आहे, पण जोडायला हातात तेवढीच चिठ्ठी आहे. म्हणून सांगते, पैसे द्यायच्या आधी पक्कं बिल मागा, त्यावर ईएफबी किंवा एजीएम लिहून घ्या आणि बॅटरीवरचा नंबर स्वतः वाचून कार्डावर उतरवून घ्या.

अधिकृत विक्रेत्याकडून नवी ईएफबी घेताना मी समोर उभी राहिले, झाकणाचा फोटो काढला. त्या साध्या, जुन्या बॅटरीचेसुद्धा पैसे त्या विक्रेत्याने बिलातून वजा केले. वर्धा रोडवर मी काय सोडून आले होते ते तेव्हा कळलं.