आई-बाबांची अमेरिका वारी: माइल्स महाराजा क्लबमध्ये, युनायटेडमध्ये की क्रिसफ्लायरमध्ये?

मुंबईच्या टी-टूवर चेक-इन करताना काउंटरवरच्या मुलीने बाबांना विचारलं, "फ्रिक्वेंट फ्लायर नंबर आहे का, सर?" बाबांनी मोबाइल नंबर सांगितला. दहाच्या दहा आकडे, सावकाश. ती हसली आणि पुढे गेली. मुंबई ते नेवार्क एका बाजूने सुमारे ७,८०० मैल. जाऊन-येऊन दोघांचे मिळून एकतीस हजारांच्या वर झाले आणि पदरात पडलं शून्य. विमान कंपन्या प्रवासाबद्दल खात्यावर माइल्स नावाचे गुण देतात आणि ते साठवून पुढचं तिकीट काढता येतं, पण त्यासाठी हा फ्रिक्वेंट फ्लायर नंबर लागतो. भाऊ जर्सीत आहे, त्यामुळे वर्षाआड ही वारी ठरलेली. म्हणून मागच्या खेपेला मी वही-पेन घेऊन बसले.

आधी एक गोष्ट, जी पुष्कळांना माहीत नसते. एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये, म्हणजे एकमेकांच्या प्रवाशांना माइल्स देणाऱ्या विमान कंपन्यांच्या गटात, आहे. म्हणजे एअर इंडियाच्या विमानात बसून माइल्स एअर इंडियाकडेच जमा करायला हवेत असं नाही. ते युनायटेडच्या माइलेजप्लसमध्ये टाकता येतात, सिंगापूर एअरलाइन्सच्या क्रिसफ्लायरमध्येही टाकता येतात. पण एका उड्डाणाचे माइल्स एकाच खात्यात जातात, आणि एकदा जमा झाले की तिथून उचलून दुसरीकडे नेता येत नाहीत.

माझं मत आधीच सांगून टाकते. घरातून दोन वर्षांत एखादीच परदेशवारी होत असेल आणि अमेरिकेत आपलं कुणी असेल, तर युनायटेड. देशात महिन्याला एअर इंडियाने फिरणं होत असेल तर तिची स्वतःची योजना, महाराजा क्लब. क्रिसफ्लायर सुंदर आहे, पण त्यासाठी घरात एक हिशेबी माणूस लागतो.

महाराजा क्लबपासून सुरुवात करू, कारण बहुतेकांचं खातं आधीपासून तिथेच असतं, कित्येकदा नकळत. १२ नोव्हेंबर २०२४ ला विस्तारा एअर इंडियात विलीन झाली तेव्हा तिच्या क्लब विस्तारा या योजनेतले पॉइंटही इकडे आले. म्हणून जुना ईमेल एकदा धुंडाळून बघा. इथे पॉइंट मिळतात ते अंतरावर नाही, तिकिटावर खर्च केलेल्या रुपयांवर. सेलमध्ये स्वस्त तिकीट साधलंत तर पॉइंटही बेताचेच. कंपनीच्या खर्चाने शेवटच्या क्षणी महाग तिकीट काढणाऱ्याला मात्र हे खातं लाभतं. दर चोवीस महिन्यांत एकदा तरी एअर इंडियाने उडालात तर पॉइंट जिवंत राहतात. वर्षाआडच्या वारीला ही अट जेमतेम पुरते. एखाद्या वर्षी बाबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि वारी पुढे गेली, तर गेलेच.

युनायटेडची मोठी जमेची बाजू इथेच आहे. ऑगस्ट २०१९ पासून त्यांचे माइल्स संपतच नाहीत. उडा, न उडा, खातं तसंच राहतं. दुसरं म्हणजे २०२४ पासून पाच जणांना आपले माइल्स एका ठिकाणी जमवता येतात. भाऊ कामासाठी अमेरिकेत युनायटेडनेच फिरतो, त्यामुळे आई-बाबांचे थोडे आणि त्याचे बरेच असे मिळून एक तिकीट उभं राहतं. नुसत्या आई-बाबांच्या जोरावर ते उभं राहायला किती वाऱ्या लागल्या असत्या, ते मोजायला मी गेले नाही. तिसरी गोष्ट आपल्या वयस्कांसाठी फार मोलाची. माइल्सवर काढलेलं तिकीट वेळेवर रद्द केलं तर फी न कापता माइल्स परत येतात. व्हिसा अडकला, बीपी वाढलं, नातवाच्या सुट्ट्या बदलल्या, तरी नुकसान नाही. क्रिसफ्लायरच्या सेव्हर, म्हणजे कमी माइल्सच्या, तिकिटाला रद्द करताना फी पडते.

उणी बाजूही आहे. कुठल्या तिकिटाला किती माइल्स, याचं ठरावीक दरपत्रकच युनायटेडने २०१९ मध्ये काढून टाकलं. आज जे तिकीट अमुक माइल्सना दिसतं, ते उद्या दीडपट दिसू शकतं. शिवाय एअर इंडियाच्या स्वस्त तिकिटाला युनायटेडमध्ये अंतराएवढे माइल्स मिळतीलच असं नाही. ई-तिकिटावर एक इंग्रजी अक्षर असतं, बुकिंग क्लासचं, आणि सगळं त्यावर ठरतं. काही अक्षरांना पूर्ण माइल्स, काहींना निम्मे, पाव, तर काहींना भोपळा. युनायटेडच्या साइटवर प्रत्येक भागीदार कंपनीचा तक्ता आहे. तिकीट काढण्याआधी तो बघा, नंतर बघून उपयोग नाही.

क्रिसफ्लायरवर माझा जीव आहे, हे कबूल करते. मुंबईहून सिंगापूर, तिथून मेलबर्न किंवा बाली, असा प्रवास मनात असेल तर याला तोड नाही. सिंगापूरच्या लांब पल्ल्याच्या बिझनेस क्लासच्या जागा भागीदारांच्या माइल्सवर सहसा मिळतच नाहीत. त्या हव्यात तर क्रिसफ्लायरचेच माइल्स हवेत. स्वतःच्या विमानांच्या अवॉर्ड तिकिटावर, म्हणजे माइल्स देऊन काढलेल्या तिकिटावर, ते इंधन अधिभारही लावत नाहीत. पण माइल जमा झाल्यापासून तीन वर्षांनी तो संपतो, मध्ये तुम्ही कितीही उडा. फी भरून थोडी मुदत वाढते, इतकंच. त्यात १ नोव्हेंबर २०२५ पासून अवॉर्डचे दरही वाढले. वर्षाआडच्या वारीवर इथे माइल्स साठवणं म्हणजे गळक्या हंड्यात पाणी भरणं.

इंडिगोचं ब्लूचिप इथे एका ओळीत उरकते. पुणे-नागपूर, मुंबई-गोवा अशी ये-जा असेल तर घ्या, काढायला पैसे पडत नाहीत. पण इंडिगो कुठल्याच अलायन्समध्ये नाही, त्यामुळे अमेरिकेच्या या गणितात ते बसत नाही.

आता माइल्स वापरायचे कुठे? तिकिटाची रोख किंमत घ्या, माइल्स देऊनही खिशातून भरावा लागणारा कर त्यातून वजा करा, उरलेल्याला माइल्सने भागा. समजा, नेवार्कचं एका बाजूचं इकॉनॉमी तिकीट ४८,००० रुपयांना आहे, किंवा ३२,००० माइल्स अधिक ४,५०० रुपये कर. म्हणजे एका माइलचे १ रुपया ३६ पैसे झाले. तेच माइल्स देशातल्या ५,२०० च्या तिकिटावर उडवले, समजा ७,००० माइल्स आणि ९०० रुपये कर, तर हाती एकसष्ट पैसे. म्हणून पुणे-दिल्लीसाठी रोख पैसे भरा.

बिझनेस क्लासपाशी मात्र लोक स्वतःची फसवणूक करून घेतात. २,१०,००० चं तिकीट ९०,००० माइल्स आणि ६,००० करात मिळालं की छाती फुगवून सांगतात, माइलला सव्वादोन रुपये सुटले! अहो, पण तुम्ही दोन लाख दहा हजार खिशातून दिले असतेत का? तुम्ही ४८,००० च्या सीटवरच बसणार होतात. त्या हिशेबाने माइलला पडले सत्तेचाळीस पैसे. खरा आकडा या दोहोंच्या मधे कुठेतरी असतो. मी स्वतःला विचारलं, बाबांना पंधरा-सोळा तास पाय पसरून झोपता यावं म्हणून मी रोख किती दिले असते? उत्तर आलं, एक लाख. म्हणजे माइलला साधारण १ रुपया ४ पैसे. इकॉनॉमीपेक्षा कमीच, तरी मी तेच तिकीट काढलं. गुडघ्याला भागाकार कळत नाही.

फार साठवून मात्र ठेवू नका. किंगफिशरची विमानं ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली, किंग क्लबचे माइल्सही त्यांच्याबरोबर गेले. जेटचं शेवटचं विमान १७ एप्रिल २०१९ ला उडालं. जेटची माइल्सची योजना, जेटप्रिव्हिलेज, ही वेगळी कंपनी होती म्हणून ते माइल्स वाचले, इंटरमाइल्स झाले, पण ज्यात बसायचं ती विमानंच राहिली नाहीत. एका तिकिटापुरते जमले की काढून मोकळं व्हावं.

खातं काढताना नाव पासपोर्टवर जसं आहे तसंच घाला. आपल्याकडे पासपोर्टवर स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव एका रकान्यात येतं, आडनाव दुसऱ्यात. तिकिटावर पहिली दोन नावं कित्येकदा जोडून, एकच लांबलचक शब्द म्हणून छापली जातात. आईचं खातं मी घाईत नुसतं नाव-आडनाव टाकून काढलं होतं. बाबांचे माइल्स दहा दिवसांत दिसले, आईचे नाहीत. बोर्डिंग पास तिने बटव्यात जपून ठेवला होता, म्हणून त्याचा फोटो आणि ई-तिकीट जोडून दावा करता आला. तीन ईमेल झाले, पाच आठवडे गेले, तेव्हा कुठे जमा झाले. बाबांनी त्यांचा पास विमानातच सीटच्या खिशात ठेवून दिला होता.