चोचींचा संच: छान, पण एका फेरीत अडकलेला

परिस्थितीला जुळणारे जीव जास्त टिकतात आणि त्यांचे गुण पिल्लांत उतरतात, ही 'नैसर्गिक निवड' खेळातून दाखवणारा हा संच विज्ञान केंद्रांसाठी आहे. त्यात चिमटा, पक्कड आणि चमचा या 'चोची' आहेत. 30 सेकंदांत ताटातले दाणे वाटीत टाकायचे. पक्कड दणकट आहे. मोहरी मात्र काढाच, ती सांडली की फरशीवर पाय घसरतो.

खरी उणीव सूचनापत्रात आहे. एकच फेरी खेळली, की पक्ष्याने प्रयत्नाने चोच बदलली असा मुलांचा गैरसमज होतो. चार फेऱ्या घ्या: दर वेळी सर्वांत कमी दाणे मिळवणारे बाद, त्यांच्या जागी जिंकलेल्यांचीच चोच घेऊन 'पिल्लं' येतील. तिसऱ्या फेरीपासून फक्त भुईमुगाच्या शेंगा ठेवा, फोडूनच मोजा. पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस द्वीपसमूहातल्या डॅफ्ने मेजर बेटावर 1977 च्या दुष्काळात मोठ्या, टणक बिया उरल्या आणि जाड चोचीचे फिंच (बिया खाणारे छोटे पक्षी) जास्त टिकले, ते इथे हाताला कळतं.