राख 1.6 टक्के

गेल्या पावसाळ्यात माझ्या मुलीचं हिमोग्लोबिन 9.1 आलं. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्यांनी तिचं पोट बिघडायचं, म्हणून रोज सकाळी घरात भांडण. त्याच आठवड्यात अंबाझरी उद्यानाबाहेर मला तो मधवाला भेटला.

"ताई, गडचिरोलीच्या जंगलातला हाय, आग्या मोहोळाचा. रंग पाहा ना, काळा कामून हाय? लोह हाय त्यात!"

त्यानं ग्लासभर पाण्यात थेंब सोडला, तो सरळ तळाशी गेला. कापसाची वात मधात बुडवून पेटवली, ती जळली. शेजारी उभे असलेले एक काका म्हणाले, "आमी दोन वर्षांपासून हाच नेऊन राहिलो." (हेच काका पुढच्या रविवारीही तिथेच 'पहिल्यांदा' मध घेताना दिसले.) वर त्यानं लॅमिनेट केलेला तपासणी अहवाल दाखवला: खनिजे (राख) 1.6 टक्के. आकडा दिसला की आपण विश्वास ठेवतो. दोन किलोचे अठराशे रुपये मोजले आणि वर शहाणपणा केला तो असा, की मुलीच्या गोळ्या बंद करून रोज दोन चमचे मध सुरू केला.

तीन महिन्यांनी हिमोग्लोबिन 8.7.

डॉक्टरांनी कागदावर हिशोब मांडला. 100 ग्रॅम मधात लोह साधारण 0.4 मिलिग्रॅम, आणि बाईला दिवसाला लागतं 29 मिलिग्रॅम. म्हणजे सगळं लोह मधातूनच घ्यायचं तर रोज सात किलो मध! मधात पोटॅशियम थोडं जास्त, कॅल्शियम, मॅग्नेशियम नावापुरतं. बाकी जवळजवळ 80 टक्के साखर आणि उरलेलं बहुतेक पाणी. ही गोष्ट खऱ्या, शुद्ध मधाची. गडद मधात खनिजं फिकट मधापेक्षा जास्त असतात हे खरं, पण म्हणून काही तो औषध होत नाही.

मग राग आला आणि बाटलीत उरलेला मध एका खासगी प्रयोगशाळेत दिला. राख, म्हणजे मध जाळल्यावर उरणारी खनिजं, 1.7 टक्के आली. मला वाटलं, माणूस निदान आकड्याबाबत तरी खरा निघाला. तिथल्या मॅडम हसल्या. भारतीय मानकानुसार मधात राख 0.5 टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही, फुलांच्या मधात तर ती त्याहून बरीच कमी असते. ऊससाखर, म्हणजे सुक्रोज, 5 टक्क्यांच्या आत हवी. माझ्या मधात 19 टक्के होती. त्यांचा अंदाज काकवीचा. काकवीत खनिजं भरपूर, रंग काळा, आणि घट्ट असल्यामुळे ती पाण्यात तळाशी जाते. वातीच्या चाचणीचंही तसंच, पाणी कमी असलेला कुठलाही पाक तिथे पास होतो. म्हणजे ज्या आकड्यावर भाळून मी पैसे दिले, तोच भेसळीचा पुरावा होता, आणि तो त्यानं मला स्वतःहून लॅमिनेट करून दाखवला होता.

मध थिजला की लोक नकली समजतात, तेही उलटंच. ग्लुकोज जास्त असलेला चांगला मध थंडीत दाणेदार होतो. तांदळाच्या पाकाची भेसळ तर साध्या चाचण्यांनाही चकवते, म्हणून घरच्या घरी मध ओळखायच्या भानगडीत मी आता पडत नाही. बंद बाटली, त्यावर परवाना क्रमांक आणि बॅच, आणि हातात पावती, एवढं असेल तरच घेते. एक वर्षाखालच्या बाळाला मात्र खरा मधही देऊ नका, त्यातून बोट्युलिझम ही जिवावर बेतू शकणारी विषबाधा होऊ शकते.

तक्रार करायला अन्न व औषध प्रशासनाकडे गेले, तर पहिला प्रश्न पावतीचा. ती मागायला अंबाझरीला परत गेले. मधवाला तिथेच होता, वात पेटवत.

"पावती? ताई, जंगलातल्या माश्या पावती देतात का?"

काका हसले.