नवीन बॅटरी टाकूनही गाडी चालू होईना, शेवटी वारज्याच्या इलेक्ट्रिशियन काकांनी खरा फॉल्ट पकडला

आमची 2014 ची पेट्रोल गाडी, पुण्यात कर्वेनगरला सोसायटीत उघड्यावरच उभी असते. पावसाळ्यात एका सकाळी आईला डोळ्यांच्या तपासणीला न्यायचं होतं आणि किल्ली फिरवली तर नुसतं ‘टक’. परत फिरवली, परत टक. शेजारच्या दादांनी त्यांच्या गाडीच्या बॅटरीवरून जंपर (दोन जाड वायरी) लावला आणि गाडी पहिल्या फटक्यात चालू, त्यामुळे सगळे म्हणाले बॅटरीच गेली. घरी येऊन बॅटरी बसवून देतात त्यांना बोलावलं, त्यांनी मीटर काही लावला नाही, नवीन बॅटरी बसवली, 4800 घेतले आणि जुनी एक्स्चेंजमध्ये घेऊन गेले. तीन दिवस गाडी छान चालली, चौथ्या दिवशी परत तेच ‘टक’. फार वाईट वाटलं, पैसे तर गेलेच आणि आईची दुसरी तारीखही हुकायची वेळ आली.

मग ऑफिसमधल्या एकाने वारज्यातल्या ऑटो इलेक्ट्रिशियन काकांचा नंबर दिला. एका शटरचं दुकान, एक पोरगा हाताखाली. फोनवर त्यांनी आधी विचारलं, “ताई, सेल्फ (इंजिन फिरवणारी स्टार्टर मोटर) फिरतोय का नुसता टक आवाज येतोय? आणि सेल्फ मारताना हेडलाईट मंद होतात का?” मी लावून बघितलं, लाईट जवळजवळ तसेच राहिले. “मग बॅटरीला हात लावू नका, मी येतो.” अर्ध्या तासात स्कूटरवर मीटर घेऊन हजर.

पुढचं मी शेजारी उभी राहून बघितलंय म्हणून नीट लिहिते. आधी बॅटरीवर मीटर लावला, 12.6 व्होल्ट, म्हणजे फुल चार्ज. मग मला सेल्फ मारायला सांगितला, तरी 12 च्या वरच. ते म्हणाले, बॅटरी गेलेली असती तर सेल्फ मारताना आकडा 9-10 च्या खाली बसला असता, इथं करंट सेल्फपर्यंत पोचतच नाहीये. मग मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरी थेट इंजिनाच्या लोखंडावर धरली, “मारा ताई.” मीटरवर सातच्या वर! तिथं पाव व्होल्टसुद्धा जास्त, सात म्हणजे इंजिनाची अर्थिंगच, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी वायरच, तुटलेली.

आणि मग त्यांनी जो प्रश्न विचारला त्यासाठी मी हा रिव्ह्यू लिहितेय: “जंपर लावला तेव्हा काळी वायर कुठं लावली होती?” मी म्हटलं, इंजिनाच्या हुकला. म्हणजे त्या वायरनेच अर्थिंग पूर्ण केली होती आणि म्हणून गाडी चालू झाली, बॅटरीचा काही संबंधच नव्हता!! तीन दिवस चालली ती बहुतेक बॅटरी बदलताना वायर जरा हलली म्हणून.

एअर फिल्टरचा डबा काढल्यावर खाली गिअरबॉक्सवर जिथं अर्थिंगची वायर बोल्टने बसते तिथला लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) हिरव्या-पांढऱ्या भुकटीने भरलेला, आणि वायरच्या तारा बोटाने दाबल्या तर अक्षरशः तुटून हातात आल्या. पोराला नाना पेठेत पाठवून वायर आणली, बोल्टची जागा पॉलिश पेपरने घासून लोखंड चकचकीत केलं, वर ग्रीस. मीटर परत लावला, आकडा शून्याच्या आसपास आणि गाडी एका झटक्यात चालू. जाण्याआधी न सांगता अल्टरनेटरही (चालू गाडीत बॅटरी चार्ज करतो तो) तपासला, चालू गाडीवर 14.2, म्हणजे चार्जिंग ठीक. व्हिजिट, वायर, मजुरी सगळं मिळून 750.

स्वभाव शांत, विचारलं तर समजावून सांगतात, आणि बाईमाणूस दिसलं म्हणून काहीतरी पार्ट गळ्यात मारत नाहीत, हे माझ्यासाठी फार मोठं आहे. एक सांगते, डॅशवर किल्लीचा दिवा ब्लिंक होत असेल आणि इमोबिलायझरचा (किल्ली ओळखणाऱ्या चोरीविरोधी सिस्टीमचा) प्रॉब्लेम असेल तर त्यांच्याकडे त्याचं मशीन नाही, ते स्वतःच सांगतात दुसरीकडे जा. पाच स्टार देतेय. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही असं असेल तर किल्ली ऑन केल्यावर मागच्या सीटखालून पंपाचा दोन सेकंद घूं आवाज येतो का ते ऐकून मगच फोन करा, पहिला प्रश्न तोच विचारतात. रविवारी बंद असतं.