थेट वाद की लेखी वाद?

दोन देशांतल्या शाळकरी मुलांचा ऑनलाइन वादविवाद (डिबेट) दोन तऱ्हांनी रंगतो: व्हिडिओवर थेट, नाहीतर काही आठवडे चालणारा लेखी.

थेट वादात ‘वर्ल्ड स्कूल्स’ पद्धत रुळलेली आहे. दोन्ही बाजूंना तीन-तीन वक्ते, प्रत्येकी ८ मिनिटं, शेवटी प्रत्येक बाजूचं ४ मिनिटांचं उत्तर. मुख्य भाषणाचं पहिलं आणि शेवटचं मिनिट सोडलं, तर प्रतिपक्ष मध्येच प्रश्न टाकू शकतो. खरा कस तिथेच लागतो. हा हजरजबाबीपणा लेखी वादात येत नाही. पण नेट अडखळलं की नेमका मुद्दा गळतो. वेळही जुळावी लागते: मेक्सिको सिटीत सकाळचे ८, तेव्हा आपल्याकडे संध्याकाळचे ७:३०.

लेखी वादाला घड्याळाची आडकाठी नाही. मुलगी समोरचा दावा दोनदा वाचते, त्यातला आकडा तपासते, मग उत्तर लिहिते. इंग्रजी बोलताना बुजणाऱ्या, पण विचार पक्का असलेल्या मुलांना इथेच न्याय मिळतो. मला हे फार मोलाचं वाटतं.

मराठी माध्यमाच्या वर्गाला मी आधी लेखी वादच देईन. महिनाभरानं त्याच विषयावर, त्याच मुलांशी एक थेट फेरी घ्यावी.