जामखेडची पायांची कार्यशाळा : अण्णांना मांडी परत मिळाली

आमच्या घरी रात्री जेवणाआधी सतरंजी अंथरून प्रार्थना होते. अण्णा टाळ घेऊन मधोमध मांडी घालायचे आणि ख्रिस्ती कवी ना. वा. टिळकांचं एखादं भजन धरायचे. मधुमेहापायी त्यांचा डावा पाय गुडघ्याखाली काढावा लागला आणि टाळ खुंटीला गेले ते गेलेच.

पहिला पाय आम्ही शहरातल्या एका मोठ्या दुकानातून घेतला. दिसायला देखणा, किमतीला भारी. पण तो बुटाशिवाय घालता येईना आणि घोट्यात वळेना. सतरंजीवर बसायचं म्हटलं की पाऊल काठीसारखं ताठ उभं. तक्रार केली तर उत्तर मिळालं, या वयात खाली बसायची गरज काय? अण्णांना खुर्चीवर बसून प्रार्थना करवेना. दोन महिन्यांत तो पाय कपाटामागे गेला.

मग आमच्या चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "जामखेडला आरोळे डॉक्टरांच्या प्रकल्पात नेऊन बघा." नगरहून साधारण ७५ किलोमीटर. आम्ही एसटीनंच गेलो.

तिथे जयपूर फूट बसवतात. या पायाचं पाऊल रबराचं असतं आणि सगळ्या बाजूंनी वळतं. जयपूरचे कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी ते आपल्या लोकांसाठीच घडवलं. अनवाणी चालता येतं, शेतात उतरता येतं, उकिडवं आणि मांडी घालूनही बसता येतं. हे सगळं मी आधी वाचलं होतं. कारागीर काम कसं करतो ते मात्र तिथेच पाहिलं.

अण्णा बाकावर बसले, कारागीर खाली फरशीवर. त्यानं अण्णांचा स्टंप, म्हणजे कापलेल्या पायाचा उरलेला भाग, दोन्ही हातांत धरला. सुरुवातीला नुसता धरला, अण्णांचं अंग सैल होईपर्यंत. मग अंगठ्यानं हाडाची कड चाचपत विचारत गेला, "इथं दुखतंय का बाबा? आणि इथं?" जिथे दुखलं तिथे पेन्सिलीची खूण. मग प्लॅस्टरच्या ओल्या पट्ट्या गुंडाळून माप घेतलं. पाय तयार झाल्यावर अण्णांना दांड्यांना धरून चालवलं आणि लगेच काढायला लावला. कातडीवर रुपयाएवढा लाल डाग उठला होता. तेवढीच जागा आतून घासून पुन्हा घातला, पुन्हा चालवलं. असं चार वेळा. एकदाही घाई केली नाही.

मी चर्चच्या संडे स्कूलला अठरा वर्षं शिकवते आहे. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा तेरावा अध्याय, प्रभू कंबरेला रुमाल बांधून शिष्यांचे पाय धुतो तो, किती वेळा शिकवला असेल! चित्रं रंगवून घेतली, वचनं पाठ करून घेतली. पण अण्णांच्या स्टंपची ड्रेसिंग इतके दिवस आई करत होती आणि मी दाराशी उभी राहत होते. मला बघवत नव्हतं. त्या फरशीवर तो माणूस बसलेला पाहिला आणि मला रडू आलं. कारागीर कोणत्या धर्माचा, मी विचारलं नाही.

डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य, दोघंही वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात शिकलेले. आयुष्य खेड्यातल्या गरिबांसाठी वाहायचं, हे त्यांनी लग्नाच्या वेळीच ठरवलं होतं. १९७० मध्ये ते या दुष्काळी तालुक्यात आले. गावागावांतल्या बायका, त्यांतल्या बऱ्याच दलित आणि निरक्षर, त्यांना शिकवून आरोग्यसेविका केलं. १९७९ मध्ये दोघांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. दोघंही आता नाहीत. काम चालू आहे.

अशाच एका ताईंनी मला तिथे एक गोष्ट शिकवली. मधुमेहवाल्यानं रोज रात्री तळपाय आरशात बघायचा, बोटांच्या बेचक्या कोरड्या करायच्या, पाण्याचा गरमपणा आधी हातानं तपासायचा. मी ते घरी सुरू केलं. आता रविवारी उपासनेनंतर चर्चच्या ओसरीवर आरसा आणि बॅटरी घेऊन बसते. सात-आठ जण येतात. गेल्या महिन्यात एका आजींच्या टाचेत चपलेचा खिळा रुतलेला निघाला. मधुमेहानं पाय बधिर होतात, त्यांना पत्ताच नव्हता. आत्मिक वाढीसाठी मी आजवर किती शिबिरं केली, वह्या भरल्या. आजींची टाच मांडीवर घेतल्यावर जी प्रार्थना आतून आली, ती त्या वह्यांत सापडत नाही.

जाणाऱ्यांसाठी थोडं. आधी फोन करून दिवस आणि खर्च विचारून घ्या. एका खेपेत काम उरकेल असं धरू नका, आम्हाला तीन लागल्या. स्टंपची सूज उतरली की पाय सैल होतो, तेव्हा पुन्हा दाखवायला जायची तयारी ठेवा. सुती मोजे आणि सैल लेंगा न्या. आणि नव्या पायानं अनवाणी चालता येत असलं तरी उरलेल्या पायात चप्पल हवीच.

अण्णांना सवय व्हायला पाचेक आठवडे लागले. परवा रात्री ते स्वतः सतरंजीवर उतरले, हातानं रबरी पाऊल ओढून मांडी नीट केली आणि आईला म्हणाले, "टाळ दे." सोमवारी आमच्या गल्लीतल्या रिक्षावाल्या काकांना जामखेडला घेऊन जातोय. अण्णाही बरोबर येणार आहेत.